रिकाम्या पोत्याचा प्रयोग

प्रायोगिक नाटकावर मत द्यायला दहावीचं सर्टिफिकेट पुरतं की नाही, हे ठरवणारी कमिटी अजून नेमलेली नाही. नेमतील तेव्हा बघू. तोवर माझं मत असं, की मराठी प्रायोगिक रंगभूमीनं पन्नास-साठ वर्षांत पुष्कळ काही उघडं केलं. रंगमंच उघडा केला, नटाचं अंग उघडं केलं, पांढरपेशांच्या माजघरात झाकून ठेवलेली घाण उघडी केली. एक हॉलचं दार तेवढं उघडायचं राहिलं.

कोणी अडवत नाही, हे खरं. पाटी लावलेली नाही. पण पाटी नसणं आणि दार उघडं असणं यात कुळगाव ते वर्सोवा एवढं अंतर आहे आणि ते मी मागल्या महिन्यात मोजलंय. गोदीतली पाळी सुटली की मशीद बंदरला गाडी धरायची, घाटकोपरला उतरायचं, तिथून मेट्रोनं वर्सोवा, मग रिक्षा नाहीतर पाय. पास बदलापूर ते सीएसएमटी, म्हणून घाटकोपरपर्यंत पैसे नाहीत. पुढचे वेगळे. नाटकाचं तिकीट चारशे, म्हणजे माझी अर्धी हजेरी. प्रयोग साडेआठचा. सुटल्यावर हीच वरात उलटी, आणि घाटकोपरला शेवटची कर्जत चुकली तर रात्र प्लॅटफॉर्मवर. कुळगाव सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर. (स्टेशनचं नाव बदलापूर, स्टेशन उभं कुळगावात. नाव एकाचं आणि जमीन दुसऱ्याची, हे आपल्याला काही नवं नाही.)

आता आपल्यातले काहीजण म्हणतील, कशाला मरायला जातोस तिकडं, ही सगळी सदाशिवपेठी थेरं, सोडून दे. दोस्तांनो, सोडून द्यायला ती त्यांच्या बापाची इस्टेट आहे का? मोकळी जागा, पडदा नाही, चार नट, नट मधेच प्रेक्षकाशी बोलतो, एकच माणूस पाच माणसं होतो, याला ते प्रयोग म्हणतात. जोतिबांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' लिहिलं. त्यात एक विदूषक आहे. तो गोष्टीत आहे आणि नाहीही. जोशी कुणब्याला लुबाडत असतो आणि विदूषक मधे घुसून बघणाऱ्याला सांगत असतो, बघा, हे असं चाललंय. कुठल्या परदेशी पुस्तकातून काढलं हे? दक्षिणा प्राइज कमिटीनं ते नाटक नाकारलं. छापून यायला १९७९ साल उजाडलं, सव्वाशे वर्षं. शाळेच्या पुस्तकात मराठी नाटक १८४३ च्या 'सीता स्वयंवरा'पासून सुरू होतं, विष्णुदास भाव्यांपासून. होऊ दे सुरू. पण माणसाच्या चालू जगण्यावरचं नाटक कोणी आधी लिहिलं, हा सवाल विचारला की मास्तरांना खोकला येतो.

त्यानंतर सत्यशोधक जलसे. त्यानंतर १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे. कंदिलाच्या उजेडात, महारवाड्याच्या पटांगणात, अंगावरच्याच कपड्यात. १९४४ साली अण्णा भाऊ, अमर शेख आणि गवाणकरांनी लाल बावटा कलापथक काढलं आणि वगाचा गण-गौळण बदलून टाकला, गणपतीच्या जागी कामगार आणला. १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी मिलिंद महाविद्यालयाच्या म. भि. चिटणीसांचं 'युगयात्रा' झालं, समोर माणसांचा समुद्र. एवढं सगळं असताना प्रायोगिक नाटकाचा इतिहास सांगणारा माणूस १९६० च्या 'रंगायन'पासून सुरू करतो आणि १९७४ च्या छबिलदासवर येऊन डोळे पुसतो. मला त्यांच्या डोळ्यातल्या पाण्याबद्दल काही म्हणायचं नाही. खरंच मोठं काम होतं ते. 'आविष्कार'च्या लोकांनी, अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांनी, दादर स्टेशनजवळच्या शाळेचा हॉल घेतला आणि धंदेवाईक थिएटरचं भाडं, सेट, नटांची नावं, सगळं झुगारून नाटक केलं. तिथं तेंडुलकर झाले, एलकुंचवार झाले, आळेकर झाले, बादल सरकारांचं 'जुलूस' झालं. खाली गल्लीत बटाटावडा, वर बाकड्यावर नाटक. गरिबीचं नाटक होतं ते, पण गरिबांचं नव्हतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शाळेतला मुक्काम हलला आणि 'आविष्कार' माहीमच्या म्युनिसिपल शाळेत गेलं.

म्युनिसिपल शाळा! आपली पोरं जिथं शिकतात ती. संध्याकाळी तिथं नाटक व्हायचं तेव्हा त्या शाळेतल्या किती पोरांचे बाप आत बसले असतील?

हा हिशेब मी हवेत करत नाही. छबिलदासचे नट कोण होते बघा. दिवसा बँक नाहीतर सरकारी कचेरी, साडेपाचला सुटका, सहाला तालीम. अमोल पालेकर बँकेत कारकून होते हे जगजाहीर आहे. यात काही वाईट नाही. नाटक करणाऱ्याला पगार पाहिजे आणि संध्याकाळ पाहिजे. मला एवढंच म्हणायचंय की त्या चळवळीचा पाया नुसत्या प्रतिभेचा नव्हता, आठ तासांच्या पक्क्या नोकरीचा आणि दादर-माटुंग्याच्या बिऱ्हाडाचा होता. गिरणगावात कामगारालाही पाळी ठरलेली होती तेव्हा तोही नाटक करत होता. परळला १९२२ सालचं दामोदर नाट्यगृह होतं, कामगार कल्याणच्या स्पर्धा होत्या, नाक्यानाक्यावर नाटक मंडळ होतं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मेल्या. पाळी गेली, मग नाटक गेलं. मग माणसं ठाणे, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर अशी रुळाच्या कडेकडेनं सांडत आली. आमचं घरही त्यातच सांडलेलं.

तर त्या रात्रीचं नाटक.

हॉलचं नाव सांगत नाही आणि नाटकाचंही नाही, कारण माझं भांडण त्या पोरापोरींशी नाही. भिंती काळ्या रंगवलेली एक खोली, साठेक माणसं, पुढं सतरंजी, मागं खुर्च्या. चपला बाहेर. पहिली आवडलेली गोष्ट आधी सांगतो, नाहीतर म्हणाल हा नुसता शंख करायला गेला होता. तिथं स्टेज नव्हतं. मोठ्या थिएटरात नट छातीएवढ्या उंचीवर आणि प्रेक्षक खाली, त्यातही पुढचे महाग, मागचे स्वस्त, बाल्कनी आणखी स्वस्त. थिएटराला पण उतरंड असते. इथं सगळे एका सतरंजीवर. नटीच्या टाचेची भेग मला दिसत होती. ही रचना मला विहारातून माहीत आहे. पावसाळ्यात ग्रंथवाचनाला बसतो तसे बसलो होतो आणि क्षणभर वाटलं, ही खोली आपलीच आहे, ह्यांना कोणी सांगितलं नाही एवढंच.

नाटक एका हमालावर. गोदामात मेलेला हमाल, त्याची ओळख पटत नाही, आणि चार नट आळीपाळीनं तो जिवंतपणी कोण असेल ते दाखवतात. त्यातला एक प्रवेश मी विसरणार नाही. त्याची बायको आपल्याकडं पाठ करून बसते आणि एक ताटली घासते. बास. तीन-चार मिनिटं नुसती ताटली घासते. धुतलेली ताटली परत घासते. बोलत नाही, रडत नाही. साठ माणसांत कोणी खोकलं नाही. असं मोठ्या थिएटरात करून दाखवा, पहिल्या मिनिटाला पॉपकॉर्नचा कागद वाजेल. मला आमच्या आईचे हात दिसले, आणि हे दाखवायला त्या पोरीला एक शब्द लागला नाही. याला मी नाटक म्हणतो आणि यासाठी अर्धी हजेरी गेली तर जाऊ दे.

पण पुढच्याच प्रवेशात नटानं पोतं पाठीवर घेतलं आणि सगळं गेलं.

पोत्यात कागदाचे बोळे असावेत. ते असू दे. पोतं पाठीवर घेऊन तो भाषण करू लागला. भूक, घाम, शहर, समुद्र, शहर म्हणजे कोणाच्या तरी पाठीवर उभं असलेलं काहीतरी, असं चांगलं गद्य. लोक भारावून ऐकत होते. मी त्याची मान बघत होतो. मान ताठ होती. पन्नास किलो पाठीवर पडलं की वजन आधी टाचेत येतं. मग गुडघा त्याचं ऐकतो. मान आत जाते, हनुवटी छातीकडं, नजर पायाच्या पुढच्या हातभर जागेवर, कारण तिथं तेल सांडलेलं असेल तर गेलास. श्वास धरलेला असतो. त्या श्वासातून 'हां', 'सरक', 'ए बाजू', एवढंच निघतं. आमच्या टोळीतला सगळ्यात बडबड्या माणूस माल अंगावर असताना मुका होतो. आता क्रेन आहे, कंटेनर आहे, १९८९ साली न्हावा शेवा सुरू झालं तेव्हापासून मुंबईच्या गोदीतला माल तिकडं जात राहिला, पाठीवरचं काम पूर्वीसारखं राहिलं नाही. तरी राहिलंय तेवढं मला कळतं. नाटकात हमालाला त्यांनी सुंदर भाषा दिली आणि त्या बदल्यात त्याचं वजन काढून घेतलं. हा सौदा आपल्या साहित्यात फार जुना आहे. आपलं दुःख घ्यायचं, त्याला चांगला कपडा घालायचा, मिरवायचं.

नाटकानंतर चर्चा. चर्चा म्हणजे प्रायोगिकवाल्यांची अंगत-पंगत. सगळे एकमेकांना अरे, अगं. केसाला पांढरं झालेला समीक्षकसुद्धा 'अरे'. माझ्याकडं वळले आणि म्हणाले, ''आपण कुठल्या ग्रुपचे?'' म्हटलं, गोदीतला. ''अरे वा, मग आपल्याला कसं वाटलं?'' एवढ्या अरे-अगंमध्ये 'आपण' मी एकटाच. मान दिला म्हणायचं की पाट बाजूला मांडला म्हणायचं, तुम्ही ठरवा.

मी पोत्याचं बोललो. दिग्दर्शिका तिशीची असेल, शहाणी बाई. म्हणाली, ''ते प्रतीकात्मक आहे. आम्हाला रिॲलिझम नकोच होता.'' मी म्हटलं, मलाही नको आहे, फुल्यांचा विदूषक कुठं रिॲलिझम आहे? पण मग पोतं काढा, नुसता हात वर करा, आम्ही समजू. पोतं आणलंत तर त्यात वजन पाहिजे. दोन-चार लोक हसले. तो नट मात्र पुढं आला आणि म्हणाला, ''दाखवता का?'' मी म्हटलं, मी दाखवून काय उपयोग, मला पाठीवर घ्या आणि तेच भाषण म्हणा.

घेतलं त्यानं. पोरगा हिंमतीचा. मी छप्पन किलो. तीन पावलं गेला. भाषणातला एक शब्द निघाला नाही, 'आई गं' निघालं. लोक हसले. मी हसलो नाही, कारण त्याची मान आत गेली होती आणि त्या रात्रीचा त्याचा पहिला खरा क्षण माझ्या छातीखाली चालला होता. दिग्दर्शिकेनं वहीत काहीतरी लिहिलं. मग मला म्हणाली, ''तालमीला याल का? आम्हाला तुमच्यासारखं कोणीतरी हवंच आहे.'' विचारलं, कधी असते? म्हणाली, ''दुपारी, अडीच ते सहा. संध्याकाळी जागा परवडत नाही.''

हे ते दार, दोस्तांनो. ती बाई मनापासून बोलावत होती आणि दार अडीच ते सहा उघडं होतं. जातीयवाद शोधायला गेलात तर तिथं कोणाच्या तोंडात सापडणार नाही, घड्याळात सापडेल, भाड्याच्या पावतीत सापडेल, मेट्रोच्या तिकिटात सापडेल.

आणि हे बदलता येत नाही असं कोणी सांगू नये. २०१२ साली अतुल पेठेंनी गो. पु. देशपांड्यांचं 'सत्यशोधक' पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन केलं. कामगारांची युनियन मागं उभी राहिली. शहराचा रस्ता झाडणारी माणसं जोतिबा-सावित्रीच्या काळातली माणसं झाली. त्याच वर्षी 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' आलं. राजकुमार तांगडेंनी लिहिलं, नंदू माधवांनी बसवलं, संभाजी भगतांची कल्पना आणि गाणी, आणि नट जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थचे, शेतीत राबणारे. ही दोन्ही नाटकं आली तेव्हा मी शाळेत होतो, मला कोणी दाखवली नाहीत. पण एवढं कळतं की तिथं वजन पोत्यात भरावं लागलं नसणार. ते नटाच्या अंगात आधीच होतं.

यावर एक उत्तर तयार असतं: कलावंताला जात नसते, कोणीही कोणाचीही भूमिका करू शकतो. कबूल. मीसुद्धा म्हणतो, आमच्या पोरांना हॅम्लेट करू द्या. पण हा नियम नेहमी एकाच बाजूनं का चालतो? १९८३ साली तेंडुलकरांनी 'कन्यादान' लिहिलं. त्यातला दलित कवी समाजवाद्याच्या पोरीशी लग्न करतो आणि तिला मारतो. आपली माणसं भडकली. तेंडुलकरांवर चप्पल फेकली गेली, आणि सरस्वती सन्मान घेताना त्या चपलेची आठवण त्यांनी स्वतः सांगितली. याच तेंडुलकरांनी ढसाळांच्या 'गोलपिठा'ला प्रस्तावना लिहिली, ढसाळांबरोबर त्या वस्तीत फिरून. मी त्या चपलेच्या बाजूचा नाही. आपल्यात बायकोला मारणारे कवी नाहीत असं छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? नाटकाला उत्तर नाटकानं द्यायचं असतं. दत्ता भगतांनी ऐंशीच्या दशकात 'वाटा पळवाटा' लिहिलं, चळवळीतल्या तीन पिढ्या एका घरात भांडायला लावल्या आणि कोणाला सोडलं नाही. प्रेमानंद गज्वींनी 'घोटभर पाणी'त दोन नटांवर सगळा गावगाडा पेलला. दोन नट, रिकामी जागा! प्रायोगिक म्हणतात ते हेच ना? पण ते गावोगाव, स्पर्धेत, कॉलेजात झालं म्हणून त्याला 'चळवळीचं नाटक' म्हणायचं. काळ्या खोलीत झालं की प्रयोग, चौकात झालं की प्रचार.

प्रचारसुद्धा एक वेळ परवडला. चौकात त्याच्या पुढची पायरी तुरुंग आहे. कबीर कला मंचाची पोरं डफ घेऊन वस्तीवस्तीत गात होती. २०१३ साली शीतल साठे आणि सचिन माळी पोलिसांपुढं हजर झाले. शीतल तेव्हा गरोदर होत्या. सचिन माळी, सागर गोरखे, रमेश गायचोर यांना जामीन मिळायला २०१७ उजाडलं, तोही सुप्रीम कोर्टात. २०२० साली एल्गार परिषदेच्या प्रकरणात सागर, रमेश आणि ज्योती जगताप यांना अटक झाली. वर्सोव्याच्या त्या खोलीत त्या रात्री जे भाषण झालं ते यांच्या गाण्यांपेक्षा काही सौम्य नव्हतं. पण तिथं पोलीस येत नाहीत. साठ माणसांनी चारशे रुपये देऊन ऐकलेला विद्रोह सरकारला चालतो. मला ती खोली बंद पडायला नको आहे. फक्त त्या खोलीतल्या लोकांनी अशा वेळी चौकातल्या डफाच्या बाजूनं बोललं पाहिजे, आणि ते फार थोडे बोलले.

आता आपल्या घरचं. चौदा एप्रिलला आपल्या वस्त्यांतून डीजेवर किती पैसा जातो? भिंती हलतात, म्हाताऱ्यांच्या छातीत धडधडतं, पोरं नाचतात, पुढारी हार घालून जातात. त्यातल्या एका रात्रीच्या पैशात आठ नाटकं उभी राहतील. जलशाच्या पोटचे आपण, आणि आपल्याकडं जयंतीला नाटक नाही! चौदा एप्रिललाच, १९४४ साली, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाज फुटलं. एकाच पोटात कापसाच्या गाठी, दारूगोळा आणि सोन्याच्या लगडी. दुपारच्या जेवणानंतर धूर दिसला, चारच्या सुमारास स्फोट झाला, शेकडो माणसं गेली. आगीच्या बंबावर मेलेल्या जवानांची आठवण म्हणून देशभर त्या दिवशी अग्निशमन दिन पाळतात, पाळायलाच पाहिजे. पण त्या हॅचमध्ये उतरून गाठी काढणाऱ्या टोळीचं काय? वरून सांगितलं असेल, काम चालू ठेवा. खाली पायाला ऊब लागत असेल. सोनं कुठल्या कप्प्यात आहे हे त्यांना माहीत असेल का? हे नाटक कोणाची वाट बघतंय? मी लिहायला घेतलंय. दोन प्रवेश झालेत. तिसऱ्यात अडकलोय, कारण वजन अंगावर असताना माणसं बोलत नाहीत आणि मला ती बोलायला हवीत.

त्या दिग्दर्शिकेला मी निघताना सांगितलं, तुमचं नाटक कुळगावला आणा. अंबरनाथच्या कारखान्यातले येतील, उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यात शिवणारे येतील, नाक्यावरचे बिगारी येतील. रविवारी सकाळी दहाला ठेवा, म्हणजे बायकांना पाण्याची वेळ उरकून येता येईल आणि तुम्हाला दुपारच्या गाडीनं परत जाता येईल. आमच्या विहाराचा हॉल आहे, शंभर माणसं दाटीवाटीनं बसतात, भाडं नाही, सतरंज्या आमच्या. तिकीट वीस रुपये लावू, फुकट नको, फुकटाला कोणी नाटक म्हणत नाही. ताटलीचा प्रवेश आहे तसा ठेवा. पोत्याचं मी आणतो, भरलेलं.

ती म्हणाली, कळवते. नंबर घेतलाय. पंखा फार वाजतो, त्या प्रवेशाला बंद ठेवावा लागेल, एवढं तिला सांगायचं राहिलंय.